डेपोतला डिझेल पंप ड्रायव्हरच्या हाती देताना

प्रश्न थोडक्यात असा: चाकण भागात ४० ट्रकांचा व्यवसाय आहे. आवारात २० केएलची (वीस हजार लिटरची) जमिनीखालची टाकी, दोन नोझलचा एक जुना डिस्पेन्सर (डिझेल मोजून सोडणारं यंत्र), रोजचा खप साधारण १५०० लिटर. रात्रपाळीला डिझेलवाला टिकत नाही, म्हणून ड्रायव्हरनं स्वतः डिझेल भरावं आणि नोंद आपोआप व्हावी. कार्ड घ्यावं की गाडीला टॅग लावावा? जुना डिस्पेन्सर चालेल का? शिवाय दर महिन्याला दोनअडीचशे लिटरचा हिशोब लागत नाही, तो ऑटोमेशननंतर लागेल का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण बाकीची खरेदी त्यावर ठरते.

महिन्याचा खप ४५,००० लिटर. पाच लिटरच्या मापात २५ मिली जास्त किंवा कमी, म्हणजे अर्धा टक्का, एवढी चूक डिस्पेन्सरला माफ असते. तुमचा मीटर पाच लिटरला २५ मिली जास्त देत असेल तर महिन्याला बरोबर २२५ लिटर जास्त गाड्यांत जातात आणि कागदावर ते चोरीला गेल्यासारखे दिसतात. त्यामुळे सॉफ्टवेअरच्या डेमोला बसण्याआधी पाच लिटरचं प्रमाणित माप आणा. माप आधी डिझेलनं ओलं करून ३० सेकंद निथळू द्या, मग पूर्ण वेगानं ५.०० लिटर सोडा आणि मानेवरची रेघ डोळ्याच्या पातळीत धरून वाचा. प्रत्येक नोझलवर तीनदा, आणि त्यानंतर एकदा ट्रिगर अर्धवट दाबून. तिन्ही वाचनं एकाच बाजूला १५-२० मिलीनं सरकलेली असतील तर मीटर जुळवून घ्यायला हवा. मीटरवरचं शिशाचं सील स्वतः तोडू नका. परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडून काम करून घ्या आणि वैधमापन खात्याची पडताळणी करून नवं सील घ्या. मापातलं डिझेल टाकीत परत ओतलं की ते ‘टेस्टिंग’ म्हणून लिहायचं. दोन नोझल, प्रत्येकी चार वेळा म्हणजे ४० लिटर झाले. ते लिहिले नाहीत तर त्या दिवशी टाकीत ४० लिटर जास्त दिसतात आणि खरी तूट झाकली जाते.

मीटरनंतर टाकी. २० केएलची आडवी टाकी साधारण २ मीटर व्यासाची आणि साडेसहा मीटर लांबीची असते. ती अर्धी भरलेली असताना पातळीतला १ मिलिमीटर म्हणजे १३ लिटर. तळापासून १० सेंटीमीटरवर तोच मिलिमीटर साडेपाच-पावणेसहा लिटरचा. डिपस्टिकवर माणूस दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे वाचतोच, म्हणजे डिप मारून काढलेला रोजचा साठा ३०-४० लिटरनं हलणारच. या कामाला मॅग्नेटोस्ट्रिक्टिव्ह प्रोब लागतो: एक लांब दांडी, तिच्यावर वरखाली होणारा डिझेलचा फ्लोट, तळाशी पाण्याचा वेगळा फ्लोट आणि आत तापमानाचे सेन्सर. मागवताना ‘डिझेलसाठी’ असं स्पष्ट लिहा. पाण्याचा फ्लोट इंधनाच्या घनतेप्रमाणे वजन ठेवून बनवतात, पेट्रोलचा संच डिझेलच्या टाकीत बसवला तर पाण्याचं वाचन बिघडतं.

प्रोब कुठे बसवायचा याचा विचार बहुतेक ठिकाणी होत नाही. मॅनहोल एका टोकाला, म्हणून प्रोबही तिथेच. टाकीला शंभराला एक एवढा उतार असेल तर दोन टोकांत ६५ मिलिमीटरचा फरक पडतो आणि टोकाचा प्रोब मध्यापेक्षा ३२ मिलिमीटर चुकीचं वाचतो. अर्ध्या टाकीला हे चारशे लिटरच्या वर जातं. म्हणून एक तर प्रोब लांबीच्या मध्यावर घ्या, नाहीतर उतार मोजून कन्सोलमध्ये (प्रोबचं वाचन लिटरमध्ये दाखवणाऱ्या यंत्रात) टिल्ट करेक्शन, म्हणजे उताराची दुरुस्ती, भरा. टाकीसोबत आलेला कॅलिब्रेशन चार्ट (कोणत्या पातळीला किती लिटर, याचा तक्ता) खूपदा कारखान्यातल्या नकाशावरून काढलेला असतो. दोन-तीन आठवडे मीटरची विक्री आणि पातळीतली घट शेजारी ठेवून चार्ट दुरुस्त करण्याची सोय चांगल्या कन्सोलमध्ये असते, ती वापरा.

जुना डिस्पेन्सर चालेल का, हे त्याच्या डोक्यातल्या इलेक्ट्रॉनिक रजिस्टरवर अवलंबून आहे. रजिस्टरला कम्युनिकेशन पोर्ट असेल (काहींत आरएस-४८५, काहींत करंट लूप) आणि कंट्रोलरवाल्याकडे (कंट्रोलर म्हणजे पंपाला हुकूम देणारं यंत्र) त्या मॉडेलशी बोलण्याची भाषा, म्हणजे प्रोटोकॉल, असेल, तर प्रश्न मिटला. कंट्रोलर त्याला ‘सोड’, ‘इतकेच लिटर सोड’, ‘थांब’ असं सांगू शकतो आणि टोटलायझर (आजवर सोडलेल्या एकूण लिटरचा आकडा) वाचू शकतो. पोर्ट नसेल तर विक्रेता पल्सरमधून (मीटर फिरेल तसे विजेचे ठोके, म्हणजे पल्स, देणाऱ्या भागातून) तार काढून देतो म्हणेल. ते शेवटचा उपाय म्हणून ठेवा. एक म्हणजे त्यासाठी सील तुटतं. दुसरं म्हणजे लिटरला १०० पल्स धरले तर एक पल्स १० मिलीचा, आणि मोटर सुरू-बंद होताना तारेत आलेला प्रत्येक खोटा ठोका १० मिली म्हणून मोजला जातो. करायचंच असेल तर दोन चॅनेलचा पल्सर घ्या. दोन्ही ठोके ठरावीक क्रमानं आले तरच ते मोजले जातात, त्यामुळे खोटे ठोके आपोआप गळतात.

निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ वायरिंगमध्ये असतं. डेटाची केबल शिल्डेड, ट्विस्टेड जोडी, आणि मोटरच्या थ्री-फेज केबलपासून वेगळ्या पाइपातून, निदान एक फूट अंतर ठेवून. शिल्ड एकाच टोकाला अर्थ करायची. दोन्ही टोकांना केली तर तीच गोंगाट वाहून आणते. आरएस-४८५ ची साखळी एका पंपावरून दुसऱ्यावर अशी न्यायची आणि दोन टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर लावायचे, मध्ये फाटे फोडायचे नाहीत. न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज दोन व्होल्टच्या आत हवा. हे मोजमाप जनरेटर चालू असतानाही घ्या. दिवसा व्यवस्थित आणि वीज गेल्यावर पंप ‘ऑफलाइन’, या दुखण्याचं कारण अनेकदा जनरेटरचं न जोडलेलं न्यूट्रल असतं. यूपीएस फक्त कंट्रोलर, प्रोब आणि नेटवर्कसाठी ठेवा, १ केव्हीएचा पुरतो. पंपाची मोटर त्यावर टाकू नका. टाकीच्या आतला भाग सर्वांत धोक्याच्या क्षेत्रात मोडतो, त्यामुळे प्रोबची केबल इंट्रिन्सिकली सेफ बॅरियरमधून (ठिणगी पडणार नाही इतकीच वीज पुढे जाऊ देणाऱ्या उपकरणातून) जायला हवी (अशी केबल सहसा फिकट निळी असते) आणि बॅरियर ऑफिसात असावा. डिस्पेन्सरच्या पोटात साधा रिले, साधा जंक्शन बॉक्स किंवा इंटरनेटचा राउटर कोणी ठेवत असेल तर काम तिथेच थांबवा.

परवान्याबद्दल एवढंच. डिझेल ‘ब’ वर्गातलं पेट्रोलियम, फ्लॅश पॉइंट २३ अंशांच्या वर. एका जागी २५०० लिटरपेक्षा जास्त साठ्याला पेसोचा, म्हणजे केंद्राच्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा खात्याचा, परवाना लागतो आणि तुमच्याकडे तो असणारच. मंजूर नकाशात बदल होणार असेल, म्हणजे नवा डिस्पेन्सर, नवी पाइपलाइन किंवा सरकवलेली जागा, तर आधी मंजुरी आणि मग खोदकाम. धोक्याच्या क्षेत्रात बसणाऱ्या प्रत्येक वस्तूचं प्रमाणपत्र खरेदीच्या फायलीत ठेवा.

आता कार्ड की टॅग. कार्डावर ड्रायव्हर ओळखला जातो, गाडी ओळखली जात नाही. कार्ड दाखवून नोझल कॅनमध्ये धरला तरी यंत्राला काही कळत नाही. रात्री माणूस नसणार असेल तर गाडीच्या टाकीच्या गळ्याभोवती बसणारी टॅगची रिंग आणि नोझलच्या तोंडाशी रीडर, हीच जोडी घ्या. रिंग काही सेंटीमीटरच्या आतच वाचली जाते, नोझल बाहेर काढला की प्रवाह बंद होतो. टोलनाक्यावरच्या फास्टॅगसारखा लांबून वाचणारा टॅग इथे घेऊ नका, शेजारी उभ्या असलेल्या गाडीच्या नावावर डिझेल पडतं. रिंग धातूला अगदी टेकली तर तिचं वाचन अडखळतं, म्हणून खाली मिळणारा स्पेसर टाकून देऊ नये. ती अशी चिकटवायची की काढायला गेलं तर आतली तार तुटेल. नाहीतर आठवड्याभरात एखादी रिंग कॅनच्या तोंडाला बांधलेली सापडते. दोन टाक्यांच्या गाडीला दोन रिंगा, दोन्ही एकाच वाहन क्रमांकावर. नोझलमधल्या रीडरची बॅटरी संपते आणि नोझल काँक्रीटवर आपटला की रीडर जातो. एक तयार संच कपाटात असू द्या.

ड्रायव्हरची ओळख मात्र हवीच, त्यासाठी चार आकडी पिन पुरे. रात्रीच्या एका भरण्याचा क्रम असा चालतो. ड्रायव्हर इंजिन बंद करतो, कीपॅडवर पिन आणि किलोमीटर टाकतो, नोझल उचलून रिंगेत घालतो. कंट्रोलर स्वतःजवळच्या यादीत गाडी शोधतो, तिची मर्यादा काढतो आणि डिस्पेन्सरला परवानगी देतो. टोटलायझर सुरुवातीला ८४५२१०.३५, नोझल परत लटकवल्यावर ८४५३९५.८०. गाडीत गेले १८५.४५ लिटर. मागच्या भरण्यापासून गाडी ६१२ किलोमीटर चालली, म्हणजे सरासरी ३.३. पुढच्या गाडीची नोंद ८४५३९५.८० लाच सुरू झाली पाहिजे. ती ८४५४१५.८० ला सुरू झाली तर मधले २० लिटर यंत्रणेला बगल देऊन गेले: कोणीतरी डिस्पेन्सर मॅन्युअलवर टाकला, किंवा पल्स हरवले. संपूर्ण यंत्रणेत माझ्या मते याहून उपयोगी तपासणी नाही, आणि ती कित्येक सॉफ्टवेअरच्या रिपोर्टमध्ये नसते. विकत घेण्याआधी हा रिपोर्ट दाखवायला सांगा. व्यवहारांचे अनुक्रमांकही सलग हवेत, एकही गहाळ नको.

यादी कंट्रोलरमध्येच हवी, याचा आग्रह धरा. प्रत्येक भरण्याला क्लाउडची परवानगी मागणारी यंत्रणा पहिल्या वादळी पावसात बंद पडते आणि पहाटे चारला दहा गाड्या रांगेत उभ्या राहतात. नेट नसताना स्थानिक यादीवर काम चालावं, निदान काही हजार व्यवहार आत साठावेत आणि नेट आलं की वर जावेत. भरताना वीज गेली तर तोवर गेलेल्या लिटरवर व्यवहार बंद व्हावा. वीज आल्यावर नोझल एकदा परत लटकवल्याशिवाय पंप सुरू होता कामा नये.

किलोमीटरच्या आकड्यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात. ड्रायव्हर शेवटचा दशांशाचा आकडाही टाकतो आणि गाडी एका रात्रीत दहापट चाललेली दिसते. दोन आकडे उलटसुलट होतात. म्हणून मर्यादा घाला: नवा आकडा मागच्यापेक्षा कमी नको, आणि टाकीत मावणाऱ्या डिझेलवर गाडी जाईल त्यापेक्षा फार जास्तही नको. ३०० लिटरची टाकी आणि ४ ची सरासरी धरली तर १२०० किलोमीटर, सूट देऊन १५०० धरा. तीनदा आकडा चुकला तर गाडी अडवून ठेवायची नाही. ४० लिटर सोडा, नोंदीवर खूण पडू द्या आणि सकाळी विचारा. माल अडकला तर तुमचं नुकसान ४० लिटरपेक्षा मोठं आहे. जीपीएस किंवा इंजिनच्या कॅन बसवरून (गाडीतल्या डेटाच्या तारांवरून) ओडोमीटर घेता येत असेल तर हा वादच संपतो, पण पहिल्या दिवसापासून ते हवंच असं नाही. बाहेरच्या पंपावर भरलेलं डिझेल टाकायची जागाही ठेवा. मार्च २०२२ मध्ये मुंबईत घाऊक डिझेल १२२ रुपयांवर आणि किरकोळ पंपावर ९४ रुपयांवर होतं. तेव्हा स्वतःची टाकी असणाऱ्यांनीही गाड्या बाहेर पाठवल्या. अशा महिन्यात बाहेरची नोंद नसेल तर सरासरीचे सगळे आकडे निकामी होतात.

ड्रायव्हरच्या हाती नोझल देताना यंत्रात काही बदल करावे लागतात. ट्रिगर अडकवून ठेवणारी क्लिप काढून टाका, माणूस नोझलपाशी उभा राहिला पाहिजे. तो फटीत दगड किंवा टाकीचं झाकण खोचणार हेही गृहीत धरा. म्हणून ३० ते ६० सेकंद प्रवाह थांबला की व्यवहार बंद, आणि टाकीच्या मापापलीकडे एक लिटरही नाही. मिनिटाला ८० लिटरच्या नोझलवर डिझेलला फेस येतो, टोकाच्या छिद्रात फेस गेला की नोझल वेळेआधीच आपोआप बंद होतो, मग ड्रायव्हर पुन्हापुन्हा दाबून काठोकाठ भरतो आणि डिझेल फरशीवर येतं. प्रीसेटचा (आधी ठरवलेल्या लिटरचा) शेवटचा अर्धा-एक लिटर हळू सोडणारा दोन टप्प्यांचा सोलेनॉइड (विजेवर उघडझाप होणारा वॉल्व्ह) असेल तर आकडा नेमका थांबतो, पण फेसावर इलाज म्हणजे फक्त सवय: नोझल दुसऱ्यांदा बंद झाला की बस. होजला ब्रेकअवे कपलिंग लावा, नोझल टाकीत ठेवून गाडी निघाली तर तो तिथेच सुटतो आणि दोन्ही बाजू बंद होतात. आणीबाणीचं लाल बटण दोन ठिकाणी हवं, डिस्पेन्सरपासून हाताच्या अंतरावर आणि गेटवर. ते मोटरच्या कॉन्टॅक्टरची वीज थेट तोडणारं हवं. सॉफ्टवेअरला निरोप देणारं बटण आणीबाणीत कामाचं नाही. बीएस-६ गाड्यांत ॲडब्लूचं (धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या द्रावणाचं) तोंड शेजारीच असतं. त्याचं तोंड अरुंद असल्यानं डिझेलचा नोझल सहसा तिथे शिरत नाही, पण कॅनमधलं ॲडब्लू डिझेलच्या टाकीत ओतलं जातं, आणि तिथे रिंगेचा काही उपयोग नाही. झाकणांना निळा आणि काळा रंग द्या, फलक चित्रांचा लावा.

टाकी फार खाली जाऊ देऊ नका. सक्शन पाइपच्या तोंडाजवळ पातळी आली की पंप हवा ओढतो आणि सेपरेटरला झेपली नाही तेवढी हवा मीटर डिझेल म्हणून मोजतो. २० सेंटीमीटरला नोझल आपोआप बंद होऊ द्या. त्याखाली साधारण हजार लिटर अडकून राहतात, ते राहू द्या. वरची घंटा ९५ टक्क्यांना. टँकर खाली होत असताना दोन्ही नोझल बंद, आणि त्यानंतरही अर्धा तास, पातळी स्थिर होईपर्यंत. पावसाळ्यात मॅनहोलच्या झाकणातून पाणी उतरतं. पाण्याचा फ्लोट तळाचं थोडं पाणी वाचूच शकत नाही, त्यामुळे जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा डिपस्टिकला वॉटर पेस्ट लावून बघायचंच.

टँकरचा फरक समजून घेतला नाही तर भांडण ठरलेलं. डिझेल एका अंशाला लाखात सुमारे ८३ भागांनी फुगतं. ३८ अंशांचा १२ केएलचा टँकर २८ अंशांच्या जमिनीखालच्या टाकीत निवला की जवळजवळ १०० लिटर ‘कमी’ होतात, कोणी एक थेंब काढला नसला तरी. म्हणून टँकर आल्यावर घनता आणि तापमान दोन्ही लिहून १५ अंशांवर आणलेला आकडा चलनाशी ताडून पाहा, आणि कन्सोलवर तापमान दुरुस्त केलेला साठा वेगळ्या रकान्यात ठेवा.

हिशोबाचा साठा म्हणजे सकाळचा साठा, अधिक आवक, वजा टोटलायझरची वाढ; रोजचा फरक म्हणजे प्रोबच्या साठ्यातून हा हिशोबाचा साठा वजा. एका दिवसाचे १५-२० लिटर बघून कोणाला बोलावू नका. दोन वाचनांत मिळून दोन मिलिमीटर हलले की २६ लिटर झाले. रोजच्या फरकांची बेरीज करत जा आणि तिची रेघ पाहा. रेघ विक्रीच्या प्रमाणात, रोज सारखी खाली जात असेल तर मीटर जास्त देतो आहे, पाच लिटरचं माप काढा. गाड्या उभ्या असलेल्या रविवारीही तितकीच घसरत असेल तर टाकी किंवा पाइप गळतो. फक्त टँकरच्या दिवशी पायरी पडत असेल तर आवक कमी आली किंवा तापमान धरलं नाही. एखाद्या रात्री एकदाच खोल पडली आणि टोटलायझरची साखळी अखंड असेल, तर डिझेल मीटरमधून गेलेलंच नाही, मॅनहोलचं कुलूप बघा. गाडीत पडल्यावर पुढच्या ढाब्यावर काढलेलं डिझेल मात्र यातल्या कशातच दिसणार नाही. ते सरासरीत दिसतं, तेही गाडीनिहाय आणि मार्गनिहाय मांडलं तरच.

‘रात्री कोणीच नको’ हे मात्र सोडून द्या. जपाननं १९९८ मध्ये सेल्फ-सर्व्हिसला परवानगी दिली, पण तिथेही पात्रताधारक माणूस पडद्यावर नजर ठेवून असतो. तुमच्याकडे डिझेलवाला नसला तरी गेटवरच्या वॉचमनला लाल बटण, वाळूच्या बादल्या आणि अग्निशामक वापरता आला पाहिजे, आणि डिस्पेन्सरचा कॅमेरा त्याच्यासमोर असावा. कॅमेऱ्याचं आणि कंट्रोलरचं घड्याळ एकच ठेवा, पाच मिनिटांच्या फरकानं पुरावा वाया जातो.

सुरुवात करताना पहिला महिना यंत्रणा चालू, पण नोझल दिवसपाळीच्या डिझेलवाल्याच्याच हाती. रात्रीच्या गाड्या तेवढ्यापुरत्या संध्याकाळीच भरून घ्या. या महिन्यात वर सांगितलेली फरकांच्या बेरजेची रेघ सरळ आडवी झाली पाहिजे. ती झाली नाही तर ड्रायव्हरच्या हाती नोझल देण्याची घाई नको, आधी मीटर, चार्ट आणि वायरिंग याच क्रमानं पुन्हा तपासा. रेघ सरळ झाल्यावर दहा गाड्यांना रिंगा लावा, त्या पंधरा दिवस चालवा, मग उरलेल्या तीस. करारात दोन गोष्टी लिहून घ्या: व्यवहारांचा कच्चा डेटा तुम्हाला हवा तेव्हा फाइलीत मिळेल, आणि मॅन्युअल मोडची किल्ली तुमच्याकडे राहील, जी वापरली की यंत्रणेत वेळेसह नोंद पडेल.